सूलबेरीची न्यायी भिंत

रविवारी सकाळी नऊ वाजल्यापासून सूलबेरीच्या प्रार्थनाघरासमोर रांग लागली होती. ही रांग प्रार्थनेसाठी नव्हती, भिंतीला हात लावण्यासाठी होती. तळ्यापलीकडच्या गावांतून माणसं होड्या वल्हवत आली होती. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या होत्या, इस्त्रीच्या सदऱ्यातले शेतकरी होते, आणि झाडून सगळ्यांनी निघण्याआधी हात साबणानं खसखसून धुतले होते. पाप साबणानं जात नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण आपली खबरदारी घेतलेली बरी.

भिंत लाल होती, म्हणजे त्या मुलुखातल्या कुठल्याही लाकडी भिंतीसारखीच. फरक इतकाच की ही भिंत न्याय करीत असे. तिच्यावर तळहात दाबायचा आणि दहापर्यंत मोजायचं. आत्मा शुद्ध असेल तर हात गेला तसा कोरा परत येई. पोटात पाप असेल तर तळवा लाल होऊन येई.

"भिंतीला डोळे नाहीत, म्हणून ती तोंड बघून न्याय करत नाही," गावोगाव फिरणारे प्रवचनकार एफ्राइमबंधू सांगत होते. "भिंतीला जीभ नाही, म्हणून ती खोटं बोलत नाही. ये बंधो, असा इकडे ये. प्रभू तुला इथं भेटणार आहे."

असं म्हणून ते त्या माणसाचं कोपर अलगद धरत आणि त्याला भिंतीच्या नेमक्या जागी नेऊन उभं करीत. प्रभू एकाला दाराजवळ भेटे, दुसऱ्याला खिडकीपलीकडे. देवाची इतकी नीट विभागणी त्या गावात आजवर कुणी केली नव्हती.

निकालही मोठे न्यायाचे लागत. ज्याच्या घरी एफ्राइमबंधू उतरले होते आणि रोज सायीचे घावन खात होते, त्या बेक मात्सचा हात बर्फासारखा कोरा निघाला. प्रवचनात दोनदा जांभई देणाऱ्या शाळामास्तरांचा लाल झाला. पोस्टातली बाई भिंतीचं नाव ऐकून हसली होती, तिचे तर दोन्ही हात लाल झाले. एकूण परमेश्वराला जांभया आणि हसणं आवडत नसावं आणि साय आवडत असावी.

रस्त्यापलीकडे एका दगडावर बसून हुल्दा हे सगळं बघत होती. हुल्दा म्हणजे त्या पंचक्रोशीतली रंगारीण. वय साठीच्या पुढे, नवरा कधीच गेलेला, आणि चाळीस वर्षांत तिनं न रंगवलेलं घर त्या तळ्याकाठी शोधून सापडलं नसतं. तुम्ही हात का नाही लावत, असं एका बाईनं तिला विचारलं, तेव्हा तिनं आपले पंजे पुढे केले. नखांच्या कडांत, रेघारेघांत लाल रंग मुरलेला होता.

"माझ्या हाताला चाळीस वर्षांचं पाप लागलंय," ती म्हणाली. "भिंतीला उगाच कशाला त्रास?"

आता यातली गंमत अशी, की त्या गावात भिंतीला हात लावला की हात लाल होतो हे दोन वर्षांच्या पोराला माहीत होतं. तो रंगच तसा. तांब्याच्या खाणीतली लाल माती, राय धान्याच्या पिठाची खळ, लाकूड किडू नये म्हणून हिराकस, पाणी, आणि वरून अगदी थोडं अळशीचं तेल. मोठ्या कढईत उघड्यावर शिजवायचा आणि रंधा न मारलेल्या खरखरीत फळीवर कुंच्यानं चोळून भरायचा. तो फळीवर कातडं धरत नाही, धुळीसारखा बसतो. त्यामुळे फळीत शिरलेलं पाणी सुकून बाहेर पडतं आणि लाकूड शंभर वर्षं टिकतं. मोबदल्यात अंगाला थोडा लागतो. 'नव्या कपड्यांनी भिंतीला टेकू नकोस' हे वाक्य सूलबेरीतलं प्रत्येक पोर 'आमच्या बापा' या प्रार्थनेच्या आधी शिकत असे. आणि तेच गाव आता हात लाल का झाला म्हणून छाती बडवीत होतं.

बारा-पंधरा वर्षांनी एकदा प्रार्थनाघर रंगवायचं, आणि कढई चढवायची हुल्दानं, असा रिवाज होता. सारं गाव जमे, बाया कॉफी करत, गडी आळीपाळीनं कढई ढवळत. ढवळणं थांबलं की माती तळाशी बसते, म्हणून ढवळणाऱ्याला गाणं म्हणावं लागे. यंदा, म्हणजे एकोणीसशे एकतीसच्या जूनमध्ये, एफ्राइमबंधूंनी सुचवलं की प्रभूच्या घराचा रंग प्रार्थनेवर शिजायला हवा, आणि तो बंद दाराआड एकट्यानं शिजवायला हवा. हुल्दानं विचारलं, प्रमाण ठाऊक आहे का. त्यावर त्यांनी डोळे मिटून, प्रमाण वरून येतं, असं उत्तर दिलं. हुल्दा घरी निघून गेली. चाळीस वर्षांत तिला कुणी असं दाराबाहेर उभं केलं नव्हतं, आणि ते तिला लागलं होतं, खोटं कशाला बोला.

बंधूंनी रंग शिजवला, भिंत स्वतःच्या हातांनी रंगवली, आणि सर्व सुरळीत पार पडलं. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव लांबच्या कुरणात गवत कापायला गेलेलं असताना, बेक मात्सचं गवताचं कोठार जळून खाक झालं.

कोठार जवळपास रिकामंच होतं. गेल्या सालचा थोडा गवताचा ढीग कोपऱ्यात होता, तिथूनच आग निघाली. वीज पडली नव्हती, चूल जवळ नव्हती. मग कुणाला तरी आठवलं की हुल्दाचा भाचा एस्किल सकाळी पाईप ओढत त्या बाजूनं गेला होता. दुसऱ्याला आठवलं की एस्किल आणि मात्सची आदल्या आठवड्यात जुंपली होती. मात्सची मुलगी सिग्ने हिचं एस्किलशी लग्न ठरलेलं होतं, आणि मात्स ते पुढे ढकलत होता. बरोबर जुळलं. जे जुळतं ते खरंच असतं, अशी सूलबेरीकरांची पक्की समजूत होती.

तरी निदान संशय म्हणून तो संशयच राहिला असता. पण पुढच्या रविवारी एफ्राइमबंधूंनी एस्किलचं कोपर धरलं, त्याला खिडकीपलीकडे नेलं, आणि दहा मोजून झाल्यावर त्याचा हात सगळ्या गावासमोर वर धरला. तळवा लाल होता. ती जी भिंतीनं दिलेली पहिली शिक्षा, तिच्यानंतरच तळ्यापलीकडून होड्या येऊ लागल्या.

मात्सनं त्या निकालाच्याच संध्याकाळी एस्किलची साखरपुड्याची अंगठी परत पाठवली. वर निरोप दिला की दोन आठवड्यांनी रविवारच्या गावसभेत एस्किलनं गाव सोडावं असा ठराव येईल, तेव्हा त्यानं त्याआधी स्वतःहूनच गेलेलं शोभून दिसेल. एस्किलला बापामागे हुल्दानं वाढवला होता. तो चोवीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी आता, सभा आठवड्यावर आल्यावर, ट्रंकेत कपडे भरत होता, आणि हुल्दा त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. तो गेला तर आग त्यानंच लावली हे कायमचं ठरणार होतं. मुलाच्या नावावर गाव ते लिहून ठेवणार आणि तिला मरेपर्यंत ते वाचावं लागणार होतं.

"रविवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "पेटी भर हवी तर. पण थांब."

मंगळवारी भर दुपारी ती प्रार्थनाघरापाशी गेली. देव तिथं मंगळवारी सुट्टीवर असावा, कारण चिटपाखरू नव्हतं. तिनं भिंतीला तळवा लावला नाही. रंगाऱ्यानं बघावं तसं बघितलं. आधी ओंजळभर पाणी खिडकीपलीकडच्या फळीवर मारलं. फळीनं ते गटकन पिऊन टाकलं. बोट फिरवलं तर रंग पिठासारखा निघून आला. यात तेलाचा थेंब नव्हता आणि खळही नावालाच होती. एक मोठा पाऊस आला की ही बाजू धुऊन निघणार होती. मग ती दाराजवळच्या फळ्यांकडे आली आणि तिथं पाणी मारलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळत खाली गेले. तिनं फळीला नाक लावलं. अळशीचं तेल, आणि तेसुद्धा चमच्यानं नव्हे, बादलीनं ओतलेलं.

तिला आधी हसू आलं आणि मग संताप आला. भिंत एक, रंग दोन. दारापासून खिडकीपर्यंत पुण्यवान, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत पापी, आणि कोपर धरून कुठं न्यायचं ते महाराजांच्या मर्जीवर. त्यातून त्या पुण्यवान फळ्यांवर तेलाचं जाड कातडं बसलेलं. आत शिरलेलं पाणी आता बाहेर यायचं नाही, आणि दहा वर्षांत फळी आतून कुजेल. तेल धरलेल्या फळीवर पुन्हा मातीचा रंगही बसत नाही. माणसाचं वाटोळं करताना त्यानं लाकूडही सोडलं नव्हतं.

एवढं कळलं तरी कोठार कसं जळलं ते कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय एस्किल सुटत नव्हता. ते कळलं बुधवारी, सिग्ने चोरून भेटायला आली तेव्हा. ती रडत होती. रडता रडता तिनं सांगितलं की अहो, त्या कोठाराला तर एफ्राइमबंधूंनी आशीर्वादही दिला होता. रंगवून झालं त्या संध्याकाळी ते एक गोणपाटाची पिशवी घेऊन आत गेले होते, आणि बऱ्याच वेळानं रिकाम्या हातांनी बाहेर आले होते. प्रार्थनेला गेले असतील म्हणून ती काही बोलली नाही.

"पिशवीत काय होतं?"

"माहीत नाही, आत्या. वास येत होता. तुमच्या घरात येतो ना, तसा."

हुल्दा खुर्चीत बसली. तिच्या घरात एकच वास होता. आणि तिच्या घराबाहेरच्या कुंपणावर, तिनं कधीही तेलाचं काम केलं की, तेल पुसलेल्या चिंध्या एकेक करून सुटसुटीत वाळत घातलेल्या असत, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या असत. तिच्या बापानं तिला कुंचा हातात देण्याआधी हे शिकवलं होतं. अळशीचं तेल सुकताना तापतं. चिंधी उघड्यावर असली तर ती ऊब उडून जाते. पण चिंध्यांचा बोळा करून कोंडून ठेवला तर ऊब आतल्या आत साठत जाते, आणि काही तासांनी काडी न ओढता बोळा पेटतो. रंग करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. ज्याला प्रमाण वरून येतं त्याला ते ठाऊक नव्हतं. आपण तेल वापरलं हे कुणाला दिसू नये म्हणून त्या शहाण्यानं सगळ्या चिंध्या पिशवीत कोंबल्या आणि सुक्या गवतात खुपसून ठेवल्या.

गुरुवारी तिनं तळ्याकाठच्या खडकावर तसा बोळा करून खोक्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत काहीही झालं नाही. शुक्रवारी तिनं उकळलेलं तेल घेतलं, चिंध्या जास्त घेतल्या, भोवती गवत कोंबलं आणि खोकं उन्हात ठेवलं. चौथ्या तासाला धूर आला. दोनातलं एकदा झालं होतं. रविवारी होईलच याची तिला मुळीच खात्री नव्हती, आणि दुसरा उपायही नव्हता.

रविवारी प्रवचनाआधी तिनं प्रार्थनाघराच्या अंगणात, मोकळ्या खडीवर, उन्हात तसंच चिंध्या-गवतानं भरलेलं एक लाकडी खोकं ठेवलं, शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवली आणि शाळामास्तरांना खोक्याजवळ बसवलं, म्हणजे नंतर कुणी काडी लावली असं म्हणायला नको. मास्तर आनंदानं बसले. प्रवचन चुकवायला त्यांना सबळ कारण हवंच होतं. एफ्राइमबंधू त्या दिवशी तीन तास बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच हुल्दाला ते थोडं आणखी बोलले तर बरं असं वाटत होतं.

प्रवचन संपलं, कॉफी झाली, आणि मात्स ठराव मांडायला उभा राहिला. हुल्दाही उभी राहिली. ती म्हणाली की ठरावाआधी भिंतीला आणखी थोडं विचारू या, फक्त आज जागा मी दाखवणार. तिनं सिग्नेच्या मावशीचं चार महिन्यांचं तान्हं मागून घेतलं आणि खिडकीपलीकडच्या फळीवर त्याची मूठ उघडून टेकवली. इवलासा तळवा लालेलाल झाला. गर्दीत कुजबुज झाली.

एफ्राइमबंधू डगमगले नाहीत. "मूळ पाप," ते मायेनं म्हणाले. "आदामापासूनचं. ते तान्ह्यालाही चुकत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. हुल्दानं कॉफीच्या टेबलावरचा एक गव्हाचा गोड पाव उचलला आणि तोच त्या फळीवर दाबला. पाव लाल झाला.

"आणि या पावानं काय केलं?" तिनं विचारलं. "हा तर सकाळी सातला जन्मलाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हुल्दानं बंधूंचं कोपर धरलं, अगदी ते धरायचे तितकंच अलगद, आणि त्यांना खिडकीपलीकडे चला म्हणाली. ते येईनात. प्रभूची परीक्षा बघू नये, असं काहीतरी म्हणू लागले. मग तिनं एस्किलला हाक मारली आणि त्याचा हात दाराजवळच्या फळीवर टेकवला. दहा मोजले. एस्किलचा हात कोरा होता. तिनं दोन्हीकडे पाणी मारून दाखवलं, एकीकडे मणी, दुसरीकडे ओल, आणि दोन रंगांची हकिगत चार वाक्यांत सांगितली. ज्यांनी जन्मभर कढई ढवळली होती त्या म्हाताऱ्यांना पाचव्या वाक्याची गरज नव्हती. ते पुढे आले, फळीचा वास घेतला आणि खाली बघू लागले.

पण मात्स तसाच उभा होता. "रंगाचं मानलं," तो म्हणाला. "माझं कोठार रंगानं नाही जळलं, हुल्दा."

हुल्दानं खोक्याकडे बघितलं. खोकं गप्प होतं. तिनं सगळ्यांसमोर एफ्राइमबंधूंना विचारलं की तेल पुसलेल्या चिंध्या कुठं ठेवल्यात. चिंध्या नव्हत्याच, ते म्हणाले. मग सिग्ने उठली. बापासमोर मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, तरी तिनं पिशवी सांगितली, वास सांगितला, संध्याकाळ सांगितली. बंधू म्हणाले, पोरगी प्रेमात आंधळी झाली आहे. त्यावर मात्सचा चेहरा पहिल्यांदा बदलला, कारण पोरगी त्याची होती.

एवढ्यात शाळामास्तर खुर्ची मागे सरकवून उठले आणि त्यांनी नुसतं बोट दाखवलं. खोक्याच्या फटीतून निळसर धूर निघत होता. कुणी जवळ नव्हतं, काडी नव्हती, पाईप नव्हता. धूर दाट झाला, गवत तपकिरी झालं आणि एका कोपऱ्यात ज्योत आली.

एफ्राइमबंधू "सैतान" एवढंच म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात पांढऱ्या रुमालाची एक म्हातारी रांगेतून पुढे आली, पेटत्या खोक्यासमोर गुडघे टेकून बसली आणि हात जोडले. तिच्या मागे दुसरी बसली. तिसरी बसायची जागा शोधू लागली.

हुल्दानं बादली उचलली आणि खोक्यावर ओतली.

"उठा," ती म्हणाली. "गुडघे दुखतील. हे तेलाच्या कोंडलेल्या चिंध्यांनी केलंय, मी नाही आणि देवानंही नाही. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा जमलंही नव्हतं. घरी जाऊन तुम्हीही करून बघा, फक्त घराबाहेर करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. एफ्राइमवर ठेवलात तसा तर मुळीच ठेवू नका. भिंतीला हात लावायच्या आधी, हात लाल का होतो एवढं स्वतःला विचारलं असतंत, तर मला आज या पोराला धरून ठेवावं लागलं नसतं. तुम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं."

म्हाताऱ्या उठल्या. एकमेकींच्या गुडघ्यांवरची खडी झाडू लागल्या. एफ्राइमबंधूंना कुणी हात लावला नाही की शिवी दिली नाही. त्यांच्यासाठी वाट मोकळी केली गेली आणि ते टोपी न घेता धक्क्याकडे चालू लागले. तळ्यापलीकडचे लोक आपापल्या होड्यांकडे बघत होते, पण बंधूंना कुणी आपल्या होडीत घेईना.

मात्सनं वाकून ओल्या चिंध्यांचा वास घेतला. मग एस्किलसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की कोठाराचं जे काही बोललो ते मागे घेतो, अंगठी आजच सिग्नेच्या बोटात परत घाल, झालं गेलं विसरून जा.

"विसरेन, काका," एस्किल म्हणाला. "पण कोठार जळून तीन आठवडे झाले. तुम्ही बंधूंना विचारलंत, गावाला विचारलंत, लाकडाच्या फळीला विचारलंत. मला एकदा तरी विचारायचं होतं."

मात्सनं टोपी काढली. ती हातात फिरवली. सगळं गाव ऐकत होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"एस्किल," तो म्हणाला, "तू लावलीस का रे आग?"

"नाही."

"बरं," मात्स म्हणाला.